पत्रिका जपली, कार्ड हरवलं

पायात खिळा घुसला की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. "जा, आधी टीटी घेऊन ये." दवाखान्यात कुणी विचारत नाही, मागची कधी घेतली होती. आपणही सांगत नाही, कारण आठवतच नाही. सुई टोचली, पैसे दिले, विषय संपला.

मोठ्या माणसाचं लसीकरण आपल्याकडे इथंच सुरू होतं आणि इथंच संपतं.

हे इंजेक्शन सहा महिने टिकतं, असं सांगितलं कुणी? शेजाऱ्यानं. कंपाउंडरनं. कधीकधी डॉक्टरनंही. आपण ते इतकं मनावर घेतलं की दर खरचटण्याला एक सुई. खरं म्हणजे लहानपणचे डोस पूर्ण झालेले असतील तर धनुर्वातापासूनचं संरक्षण दहा वर्षं धरलं जातं. जखम खोल असेल, माती-शेणानं माखलेली असेल, तर पाच वर्षांचा नियम लावतात. पाच वर्षांचा. सहा महिन्यांचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही.

पण एक सुई जास्त घेतली तर बिघडलं कुठं? बिघडतं. रक्तात प्रतिपिंडं आधीच भरपूर असताना तीच लस पुन्हा टोचली, तर काहींचा दंड काही तासांत खांद्यापासून कोपरापर्यंत सुजतो आणि रात्रभर ठणकतो. याला आर्थस प्रतिक्रिया म्हणतात. ज्याला ती झाली, त्यानं मागच्या डोसनंतर दहा वर्षं होईपर्यंत ही लस घ्यायची नाही, जखम झाली तरी. म्हणजे हा त्रास लशीला घाबरणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. गरज नसताना दंड पुढं करणाऱ्याच्या वाट्याला येतो.

आता उलट बाजू बघा.

आपल्या देशात सरकारी लसीकरण कार्यक्रम आला १९७८ साली. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ चा, आणि तो जिल्ह्या-जिल्ह्यानं पसरत गेला. आज पन्नाशी ओलांडलेल्या, खेड्यात वाढलेल्या पुरुषाला लहानपणी त्रिगुणी लस मिळालीच होती, हे कोण छातीठोकपणे सांगेल? बायकांना निदान गरोदरपणात धनुर्वाताची लस टोचली गेली. पुरुषाला आयुष्यात कधी कुणी विचारलं?

कुळव धरणारा, विहिरीत उतरणारा, अनवाणी गोठ्यात जाणारा तोच.

अशा माणसाला जखमेनंतर दिलेली एक सुई पुरत नाही. त्याला तीन लागतात: आज एक, चार आठवड्यांनी दुसरी, पुढं सहा ते बारा महिन्यांत तिसरी. जखम घाण असेल तर पहिल्याच दिवशी तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागतं. बूस्टर म्हणजे जुन्या पायावर चढवलेला मजला. पायाच नसेल तर मजला कशावर चढवणार? पण तो माणूस दुसऱ्या सुईला येतच नाही. हलगर्जी आहे म्हणून? छे. परत ये, असं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

गंजलेल्या खिळ्यानंच धनुर्वात होतो, हे खूळ तर विचारू नका. धनुर्वाताचा जंतू गंजात राहत नाही. तो मातीत, धुळीत, शेणात, घोड्याच्या लिदीत असतो आणि त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं तग धरतात. नव्या कोऱ्या विळ्यानं गोठ्यात बोट कापलं तरी धोका तोच. खिळा लागला की धावणारे आपण, बाभळीचा काटा मात्र सुईनं उकरून काढतो आणि कामाला लागतो.

आणखी एक. हा रोग एकाकडून दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे बाकीच्यांनी लस घेतली की आपण आपोआप वाचलो, हा गोवराचा हिशेब इथं लागू नाही. अख्ख्या गावानं घेतली आणि तुम्ही नाही घेतली, तर गावाचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. बरं, एकदा होऊन गेला की सुटलो, तेही नाही. त्याचं विष इतक्या सूक्ष्म मात्रेत काम करतं की शरीर त्याची ओळखच ठेवत नाही. कित्येक आठवडे अतिदक्षता विभागात काढून वाचलेल्या रुग्णालाही बरं झाल्यावर लस घ्यावी लागते.

हे दवाखान्याच्या भिंतीवर का लिहिलेलं नसतं?

२०१९ च्या सुमारास सरकारी कार्यक्रमात टीटीची जागा टीडीनं घेतली. त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते, मोठ्यांना सोसेल अशा कमी मात्रेत. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलामुलींना ती मिळते, गरोदर बायकांना मिळते. त्यापुढं पुरुषासाठी सरकारी वेळापत्रकाचं पान कोरं. आणि लोकांच्या तोंडी अजून टीटीच. माणूस टीटी मागतो, औषधाच्या दुकानातून टीटी येते, घटसर्प राहून जातो.

घटसर्प? तो तर आजीच्या काळातला!

आजीच्या काळातला घटसर्प २०१६ साली केरळात मलप्पुरमला आला. २०१८ साली दिल्लीत आला, मुलं दगावली, आणि प्रतिविष वेळेवर मिळेना म्हणून राजधानीत धावाधाव झाली. जगभरात नोंदल्या जाणाऱ्या घटसर्पाच्या रुग्णांमध्ये आपला देश कित्येक वर्षं वरच्या नंबरावर राहिला आहे. लहान मुलांना लस मिळू लागली तसा हा रोग मोठ्या वयाकडं सरकला. लहानपणीचं संरक्षण विरून गेलेले लोक त्याला तिथं आयतेच सापडले.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो डांग्या खोकल्याबाबत.

बाराव्या दिवशी बारसं. घर भरलेलं. पाळण्याभोवती बायका, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. आत्या पुढं होते, वाकते आणि बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र करते. आत्याला तीन आठवडे खोकला आहे. रात्री जास्त येतो. "हवा बदलली ना, ॲलर्जी आहे," ती सांगते. सगळे मान डोलावतात. कुणी तिला मागं ओढत नाही, कारण आत्याला कोण ओढणार?

डांग्या खोकल्याची लस जिच्यात असते ती पेंटाव्हॅलेंट बाळाला पहिल्यांदा सहाव्या आठवड्यात. मग दहाव्या, मग चौदाव्या. बाराव्या दिवशी त्याच्याजवळ स्वतःचं असं काहीही नसतं.

मोठ्यांचा डांग्या खोकला साध्या लांबलेल्या खोकल्यासारखाच दिसतो. पुस्तकात लिहिलेली ती 'हूप' येईलच असं नाही. तान्ह्या बाळाला तर धड खोकताही येत नाही. त्याचा श्वास थांबतो, ओठ निळे पडतात. आणि त्याला हा रोग बहुतेक वेळा घरातल्याच माणसाकडून मिळतो: आई, बाप, भावंडं, आजी-आजोबा. मायेनं जवळ घेणाऱ्याकडून.

यावर उपाय आहे. गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत टीडॅपची, म्हणजे टीडीत डांग्या खोकल्याची भर घातलेल्या लशीची, एक सुई, दर गरोदरपणात. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडं जातात आणि ते सुरुवातीचे उघडे आठवडे झाकले जातात. सरकारी टीडीत डांग्या खोकल्याचा भाग नाही; टीडॅप बहुतेकांना खासगीत, पैसे मोजून घ्यावी लागते. घरात बाळाजवळ राहणाऱ्या बाकीच्यांनी बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी. डोहाळजेवणाच्या यादीत हिरवी साडी असते, पाच प्रकारची पक्वान्नं असतात. त्या यादीत ही एक ओळ कुणी का घालत नाही?

आता गोवर, गालगुंड, रुबेला, म्हणजेच एमएमआर. इथं जन्मसाल महत्त्वाचं.

सरकारी कार्यक्रमात गोवराची लस १९८५ पासून आहे, पण दुसरा डोस सुरू झाला २०१० मध्ये. मधल्या पंचवीस वर्षांत जन्मलेल्यांना बहुधा एकच डोस मिळाला. एका डोसनं शंभरातले सुमारे ९३ सुरक्षित होतात, दोन डोसनी ९७. फरक चारचा. चार म्हणजे किरकोळ वाटतात. पण गोवराइतका झपाट्यानं पसरणारा रोग शोधून सापडणार नाही. त्याला तेवढी फटसुद्धा पुरते. २०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडीत आलेली गोवराची साथ आठवा. मालेगाव, भिवंडी आठवा. आणि विशीनंतर गोवर झाला तर गुंतागुंत लहान मुलापेक्षा कमी होत नाही, वाढते.

रुबेलाची गोष्ट आणखी वाईट. ती लस सरकारी कार्यक्रमात आली २०१७ पासून. महाराष्ट्रात मोठी मोहीम झाली नोव्हेंबर २०१८ मध्ये, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. तेव्हा जी सोळा वर्षांची होती, तिला ती मिळाली नाही. खासगी डॉक्टरनं लहानपणी एमएमआर दिली असेल तर ठीक. नसेल तर? आज ती विशीत आहे, तिच्या लग्नाचं बघताहेत.

आणि रुबेला धोक्याचा असतो तो गरोदरपणाच्या सुरुवातीलाच. आईला दोन दिवसांचा ताप आणि फिकट पुरळ. बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयाचा दोष. मुलीचं लग्न ठरवताना मंगळ बघतात, गोत्र बघतात, नाडी बघतात. रुबेलाची लस झालीय का, हे विचारणारा एक तरी मामा बघितलाय?

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना मात्र हे विचारलं जातं. अमेरिकेतल्या विद्यापीठाचा फॉर्म येतो: एमएमआरचे दोन डोस, टीडॅप, कांजिण्या, कावीळ ब, तारखांसकट. मग घरात शोधाशोध. कपाटातली जुनी सुटकेस खाली येते. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलाची जन्मपत्रिका सापडते, कुंकवाचं बोट लावलेली, घडीवर घडी न मोडता ठेवलेली. जन्मवेळ मिनिटासकट. लसीकरणाचं पिवळं कार्ड? ते बहुधा घर बदलताना गेलं. बालरोगतज्ज्ञांनी दवाखाना बंद करून आठ वर्षं झाली.

मग रक्त तपासून प्रतिपिंडं मोजा, नाहीतर सगळ्या लशी नव्यानं घ्या. विमान पंधरा दिवसांवर आलेलं असतं आणि एमएमआरच्या दोन डोसांत निदान चार आठवडे लागतात. व्हिसाचं काम वर्षभर आधी सुरू करणाऱ्या घरात हे कुणालाच आधी सुचत नाही.

एक दिलासा आहे: कार्ड हरवलं म्हणून पुन्हा एमएमआर घेतली तर नुकसान नाही. आधीची प्रतिपिंडं असली तर ती लशीतल्या विषाणूंना गप्प करतात, इतकंच. धनुर्वाताबाबत मात्र असं बिनधास्त वागू नका. आर्थसची गोष्ट वर सांगितलीच आहे.

हं, आता साइड इफेक्ट. सगळे इथंच अडतात ना? मग सरळ बोलू.

होतात.

टीडी किंवा टीडॅप घेतली तर दंड दुखतो. बहुतेकांचा दुखतो. थोडी लाली, थोडी सूज, कुणाला कणकण, डोकेदुखी, अंग मोडून आल्यासारखं. दोन-तीन दिवसांत ओसरतं. गार पाण्याची पट्टी, हात हलता ठेवणं, फारच वाटलं तर पॅरासिटामॉल. भात बंद, दही बंद, अंघोळ बंद, यातलं काहीही लागत नाही. भातानं जखम चिघळते म्हणून वरण-भात तोडणारी घरं आजही आहेत. त्या पथ्यानं अशक्तपणा येतो, लशीनं येत नाही.

एमएमआरचं वेगळं. तिच्यात जिवंत, पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते शरीरात वाढायला वेळ घेतात. म्हणून त्रास त्या रात्री येत नाही, सात ते बारा दिवसांनी येतो: ताप, वीसांतल्या एकाला फिकट पुरळ. तोवर सुई विसरलेली असते. मग रक्ततपासण्या होतात, डेंग्यू शोधला जातो, प्रतिजैविकं सुरू होतात. बाराव्या दिवसाची ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली असती तर?

मोठ्या बायकांना सांधेदुखी होऊ शकते. ज्यांना रुबेलाचं संरक्षण आधी नव्हतं अशा बायकांपैकी चौथ्या हिश्शापर्यंत, काही दिवस टिकणारी. आकडा मोठा वाटतो. खरा रुबेला झाला तर तीच सांधेदुखी सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांना होते, हे कुणी शेजारी ठेवून सांगत नाही.

प्लेटलेट्स तात्पुरत्या कमी होणं, हेही घडतं. साधारण तीस ते चाळीस हजार डोसांमागे एकदा. गोवरानं मेंदूला सूज येण्याचं प्रमाण हजार रुग्णांमागे एक. आता तुम्हीच ताजवा घ्या हातात.

आणि कुणी एमएमआर घेऊच नये, तेही ऐका. गरोदर बाईनं. केमोथेरपी चालू असलेल्यानं. जास्त मात्रेत स्टिरॉइड घेणाऱ्यानं. ज्याची प्रतिकारशक्ती फारच खालावली आहे त्यानं. लस घेतल्यावर निदान चार आठवडे गर्भधारणा टाळावी. ही यादी लस देणाऱ्यानं आपणहून वाचून दाखवायची असते. तुम्हाला शेवटची कधी दाखवली?

जीवघेणी ॲलर्जी ही सगळ्यांची मोठी भीती. ती दहा लाख डोसांमागे साधारण एक-दीड इतकी विरळ, आणि आली तर मिनिटांत येते. म्हणून तर अर्धा तास बसवून ठेवतात. त्या अर्ध्या तासात ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिनची कुपी आहे ना, एवढं विचारायला लाज कसली? आपण मात्र दहाव्या मिनिटाला "मीटिंग आहे" म्हणत बाइकला किक मारतो. सुईनंतर चक्कर येणारे बरेच असतात, आणि त्यांत धडधाकट तरणी पोरंही असतात. खुर्चीवर चक्कर आली तर पाणी मारता येतं. सिग्नलवर आली तर?

बाही. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. फुल शर्टाची बाही कशीबशी वर सरकवून माणूस दंड पुढं करतो, ती दंडाच्या मध्यावर आवळून बसते, आणि सुई मिळेल त्या जागी लागते. थेट खांद्याच्या सांध्यात गेली तर महिनोन्‌महिने हात वर जात नाही. मग लशीनं खांदा गेला, असं गावभर होतं. चांगली सिस्टर आधी वरची दोन बटणं काढायला लावते, अख्खा खांदा उघडा करते, हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली मोजते आणि मगच टोचते. अशी सिस्टर भेटली तर तिचं नाव लक्षात ठेवा.

लशीमुळे माणसं मेली, असं कधी झालंय का? झालंय. लपवायचं कशाला?

३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुलकोवाल. प्लेगची लस १०७ जणांना टोचली, पाच बाटल्यांमधून. त्यातल्या एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं गेले. लस मुंबईहून गेलेली. तिचा कर्ता वाल्डेमार हाफकिन, ज्यानं १८९७ च्या जानेवारीत ती पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. सरकारनं ठपका त्याच्यावर ठेवला, त्याला बाजूला केलं. पुढं कळलं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो धड निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही. हाफकिन निर्दोष ठरला १९०७ मध्ये. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि सुटका पाच वर्षांनी. ही लस बनवणाऱ्या परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं १९२५ साली.

दोष लशीचा नव्हता, हाताळणीचा होता. मग आज हाताळणी कशी आहे, हे आपण का बघत नाही? सुई तुमच्यासमोर पाकिटातून निघाली का? सरकारी लशीच्या कुपीवर एक छोटा गोल असतो, त्याच्या पोटात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालेल. गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर लशीला उष्णता लागलीय, ती बाद. टीटी-टीडी तर गोठल्यानंही वाया जाते. फ्रीजरच्या कप्प्यात बर्फाला टेकून ठेवलेली कुपी म्हणजे नुसतं पाणी समजा. भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघणारे आपण, इथं मान दुसरीकडं फिरवतो.

एमएमआरनं ऑटिझम होतो, ही अफवा अजून फिरते म्हणून दोन ओळी. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्डनं 'लॅन्सेट'मध्ये बारा मुलांवरचा लेख छापला. २०१० मध्ये तो लेख मागं घेतला गेला आणि त्याचं डॉक्टरकीचं नोंदणीपत्रही गेलं. फॅमिली ग्रुपवर मात्र तो अजून प्रॅक्टिस करतोय.

अफवा ऐकणारे मूर्ख असतात, असं मी म्हणणार नाही. अफवेला जागा करून दिली ती "काही होत नाही" या तीन शब्दांनी. डॉक्टर म्हणतात, काही होत नाही. रात्री ताप येतो. आता विश्वास कुणावर ठेवायचा? ज्यानं काही होत नाही म्हटलं त्याच्यावर, की ज्यानं व्हॉट्सॲपवर आधीच ताप येईल म्हणून लिहिलं होतं त्याच्यावर? ताप किरकोळ होता. तुटलेला विश्वास किरकोळ नाही. पुढच्या वेळी तो माणूस नातवालाही लस देऊ देत नाही.

पाच मिनिटं लागतात हे समजावायला. ओपीडीत साठ माणसं बाहेर आहेत, मान्य. मग एक छापील कागद द्या मराठीत. कधी ताप येईल, किती टिकेल, कशाला घाबरायचं, कशाला नाही, कुठं फोन करायचा. याला किती खर्च येतो?

सगळेच बूस्टर घ्यायचे असतात असंही नाही. कावीळ ब चे तीन डोस पूर्ण झाले असतील तर निरोगी माणसाला बूस्टरची गरज नसते. झालेच नसतील तर घ्या. देशभर बाळांना ती लस मिळू लागली २०११ पासून, त्याआधीच्या बहुतेकांना ती मिळालेली नाही. पोलिओचा डोस मोठ्यांना सरसकट लागत नाही; हजला जाणारे किंवा पोलिओ असलेल्या देशांत जाणारे सोडून. पॅकेज म्हणून सगळं एकदम विकणाऱ्या जाहिराती येतात, त्यांच्यापासून खिसा सांभाळा.

नागीण मात्र वेगळी. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून बसतो आणि म्हातारपणी उठतो. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, या भीतीनं गेरू लावायला कुंभाराकडं पळणारे अजून आहेत. तिची लस पन्नाशीनंतर, दोन डोस, २०२३ पासून भारतात मिळते. महाग आहे. त्रासही इतर लशींपेक्षा जास्त देते: सहांतल्या एकाला एखाद-दुसरा दिवस कामाला दांडी मारावी लागेल इतका. पण नागीण बरी झाल्यावर उरणारी आग ज्यानं महिनोन्‌महिने सोसली आहे, त्याला विचारा, एक दिवस दंड दुखणं म्हणजे किती.

डोसांच्या संख्येनं जगातली सर्वांत मोठी लस कंपनी पुण्यात आहे. १९६६ साली सुरू झाली, सुरुवातच धनुर्वाताच्या प्रतिविषानं. आणि देशातल्या पंचेचाळिशीपुढच्या लोकांची २०१७ ते २०१९ दरम्यान मोठी पाहणी झाली, तेव्हा फ्लूची लस घेतलेले निघाले १.५ टक्के, न्यूमोनियाची ०.६ टक्के, कावीळ ब ची १.९ टक्के. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

सरकारनं कोविडच्या वेळी कोविन उभं केलं. सुई टोचली की मोबाइलवर प्रमाणपत्र हजर, तारीख, बॅच, सगळं. आता गरोदर बायका आणि मुलांसाठी यूविन आहे. उत्तम आहे. मग त्यात शेतावरच्या पन्नाशीच्या पुरुषाची टीडी का नाही? खासगी दवाखान्यात घेतलेली टीडॅप का नाही? विशीतल्या मुलीची रुबेला का नाही? यंत्रणा आहे, मोबाइल घराघरांत आहे, लस तालुक्याला पोचते. एक रकाना वाढवायला कोणतं खातं, किती वर्षं घेणार आहे?